मिल व्हिसलचा पहिला ड्रमर

"व्हर्नला कोण सांगणार?" डेलने विचारलं.

आम्ही तिघं आमच्या घराच्या तळघरात बसलो होतो. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर, डेल ॲम्प्लिफायरवर, आणि लॉयड कपडे वाळवायच्या यंत्राला टेकून उभा. ड्रमच्या मागचं स्टूल रिकामं होतं. व्हर्न शनिवारी पाचपर्यंत टायरच्या दुकानात कामाला असायचा, आणि नेमकं म्हणूनच डेलने आम्हाला तीन वाजता जमायला सांगितलं होतं.

"गिलरॉय नक्की काय म्हणाला ते पुन्हा एकदा सांग," लॉयड मला म्हणाला.

"सांगितलं ना. ताल मागे पडतो. तिसऱ्या गाण्यात तर पार ढासळतो. त्याला ड्रमर बदलून हवाय. सोमवारी नवा माणूस घेऊन आलात तर रेकॉर्डिंग सुरू करू, नाहीतर येऊच नका."

"ड्रमर बदला, असं म्हणाला?"

"हो."

लॉयड कमी बोलायचा. त्याने खिशातून गिटारच्या तारा छेडायची पट्टी काढली, बोटांत फिरवली आणि परत ठेवून दिली. "मला नाही वाटत व्हर्न मागे पडतो."

"तुला काय वाटतं त्याला शिकागोत कोण विचारतंय?" डेल म्हणाला. "तीन वर्षं आपण टेपा पाठवतोय. पहिल्यांदा एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने परत फोन केलाय."

ही १९८६ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी वीस वर्षांचा होतो. विस्कॉन्सिनमधल्या कॅडी फॉल्स नावाच्या गावात आम्ही राहायचो. गावात एक नदी, एक कागदाची गिरणी आणि गिरणीत काम करणारी माणसं, एवढंच. माझे बाबा गिरणीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. मिरजेहून ते आम्हाला घेऊन इथे आले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. गावात दांडेकर नावाचं घर एकच; बोलायला दुसरं मराठी माणूस हवं तर चाळीस मैल गाडी चालवावी लागायची. गिरणीचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा आणि सगळं गाव त्यावर चालायचं. बँडचं नाव 'मिल व्हिसल' ठेवलं ते त्यावरूनच. ते नाव व्हर्नने ठेवलं होतं.

नावच का, सगळा बँडच व्हर्नचा. पुढे मासिकांनी काय काय छापलं, पण सुरुवात अशी झाली: व्हर्न हॅनिगन आणि मी शाळेच्या बँडमध्ये शेजारी उभे राहायचो. तो ड्रम वाजवायचा, मी क्लॅरिनेट, आणि तेही कसंबसं. सोळाव्या वर्षी तो एकदा म्हणाला, "पराग, आपण स्वतःचा बँड काढू. तू बेस गिटार वाजव."

"मला येत नाही."

"चारच तर तारा आहेत."

त्याने कुठून तरी जुनी बेस गिटार मिळवली आणि वर्षभर रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून, पायाने जमिनीवर ठोका धरून मला शिकवलं. डेलला त्याने शेजारच्या गावातल्या एका लग्नात गाताना ऐकलं आणि तिथल्या तिथे विचारलं. डेलने आपल्या मावसभावाला, लॉयडला, आणलं. झाले चार.

व्हर्नची आई तो नऊ वर्षांचा असताना वारली होती. वडील गिरणीत होते. छातीचं दुखणं घेऊन घरी बसले होते. आठवड्यातून तीन-चार वेळा व्हर्न आमच्याकडेच जेवायचा. आईला 'व्हर्न' म्हणणं जमायचं नाही. ती त्याला वरुण म्हणायची आणि तो 'ओ' द्यायचा. गणपतीत आसपासची दोन-तीन मराठी घरं आमच्याकडे जमत तेव्हा आरतीला ढोलकी व्हर्न वाजवायचा. बाबांनी त्याला शिकवली होती. बाबा तरुणपणी मिरजेत तबला शिकले होते, गवयांच्या साथीला बसले होते; इकडे आल्यावर सगळं सुटलं होतं. माझ्या वाजवण्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. व्हर्नबद्दल एकदा आईला म्हणाले, "ह्या पोराच्या हातात लय आहे. शिकवून येत नाही ती."

"टेप लाव," लॉयड म्हणाला.

मी लावली. गिलरॉयला पाठवलेलीच टेप. पहिली दोन गाणी गेली. तिसऱ्याच्या मधोमध, डेलचा आवाज वर चढतो तिथे, ताल जड झाला. चिखलातून चालल्यासारखा. चार-पाच ठोके तसेच गेले आणि मग सावरलं. पुढच्या कडव्यात पुन्हा तेच.

लॉयडने डोळे मिटून दोनदा ऐकलं. "पडतंय खरं," तो म्हणाला.

"मग ठरलं," डेल म्हणाला. "मिलवॉकीच्या रॉजरला मी फोन करतो. आणि पराग, व्हर्नला तू सांग. तू त्याचा मित्र आहेस. तुझ्या तोंडून ऐकलेलं त्याला कमी लागेल."

मी साडेचारला टायरच्या दुकानात गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साचलेल्या बर्फाचे काळपट ढीग होते. दुकानात व्हर्न एकटाच होता. एका ट्रकचं चाक उतरवत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"गिलरॉयचा फोन आला?"

"आला."

"मग?"

मी सांगितलं. तळघरात जसं सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत. बोलताना मी त्या चाकाकडे बघत होतो. व्हर्नने हातातला पाना खाली ठेवला.

"मी मागे पडतो?"

"गिलरॉय म्हणतो."

"तुला काय वाटतं?"

दुकानाच्या मागच्या बाजूला हवेचा पंप चालू होता. तो बंद होईपर्यंत मी थांबलो. पंप बंद झाल्यावरही तो माझ्याकडेच बघत होता.

"तिसऱ्या गाण्यात पडतोस," मी म्हणालो.

तो खाली बसला, टायरांच्या चळतीवर. "मला वाटायचं," तो म्हणाला आणि थांबला.

"काय वाटायचं?"

"काही नाही." त्याने फडक्याने हात पुसायला सुरुवात केली. एकेक बोट वेगळं पुसत होता. "लॉयडला पण तसंच वाटतं?"

"त्याने दोनदा ऐकलं."

"लॉयडचा कान चांगला आहे." तो मान हलवत राहिला. "नवा कोण?"

"मिलवॉकीचा एक जण. डेलच्या ओळखीचा."

"ठीक आहे. माझे ड्रम उद्या दुपारी येऊन घेऊन जातो. तुझ्या आईला सांगून ठेव." मग उठून त्याने पाना उचलला. "तुमचं होईल, पराग. डेलच्या आवाजात आहे ते." एवढं बोलून तो पुन्हा चाकाकडे वळला. मी निघालो तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती.

घरी आलो तर बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर चहाचा कप, पण प्यायलेला नव्हता. आई शेजारणीकडे गेली होती.

"बस," बाबा म्हणाले.

मी बसलो.

"दुपारी तुम्ही खाली बोलत होता ते मला ऐकू आलं. व्हर्नला काढताय."

"गिलरॉयला तो नकोय."

"काल फोन आला तेव्हा मी इथेच बसलो होतो, पेपर वाचत. गिलरॉय काय म्हणाला ते मला कळायचं कारण नाही. पण तू काय म्हणालास ते मी ऐकलं. तू म्हणालास, 'दोघांपैकी कोण, ते तुम्ही सांगणार नाही का?'"

मी खुर्ची मागे सरकवली.

"दोघं म्हणजे कोण?"

"बाबा..."

"त्याचे शब्द सांग. जसेच्या तसे."

मी सांगितले. गिलरॉय म्हणाला होता की गाणारा पोरगा अस्सल आहे, गिटारवालाही उत्तम. पण बेस आणि ड्रम या दोघांत एक जण ताल खाली ओढतोय. 'कोण ते टेप ऐका, तुमचं तुम्हाला कळेल. मला कळलंय. त्या एकाला बदला आणि सोमवारी या.'

"टेप आण," बाबा म्हणाले.

आम्ही दोघं टेबलाशी बसून ऐकायला लागलो. तिसरं गाणं सुरू झालं तसा बाबांनी उजवा हात टेबलावर ठेवला. एका बोटाने ते मोजत होते.

"इथे," ते म्हणाले. "ही सम. तू उशिरा आलास. आता तो काय करतो बघ. तुला टाकून पुढे जात नाही. थांबतो. तू येईपर्यंत ठोका धरून ठेवतो, तुला बरोबर घेतो, मग पुढे निघतो. पुन्हा ऐक. हे बघ, इथेही तेच." त्यांनी टेप बंद केली. "पुढे गेला असता तर कुणालाही कळलं असतं चूक कुणाची ती. तुझं उघडं पडू नये म्हणून तो थांबतो. चारचौघांना वाटणार दोघंही मागे पडतात. अशी साथ करणारा माणूस आयुष्यात एखादा भेटतो."

फ्रिजची घरघर सुरू झाली. बाबा माझ्याकडे बघत होते.

"तुला हे कळलं होतं?"

"हो."

काल फोन ठेवल्यावर मी तळघरात जाऊन ती टेप एकट्याने चार वेळा ऐकली होती. पहिल्या वेळेलाच कळलं होतं. पुढच्या तीन वेळा मी ऐकलं ते आणखी कुणाला कळेल का हे बघायला.

"उद्या त्याला सांग," बाबा म्हणाले. "रविवार आहे. एक दिवस हातात आहे."

"मग मला काढतील."

"हो."

"बाबा, मी कॉलेज सोडलंय ह्याच्यासाठी. माझ्याकडे दुसरं काय आहे?"

बाबांनी कप उचलून सिंकमध्ये रिकामा केला. "त्याच्याकडे काय आहे?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्हर्न एक वाजता मालकाचा ट्रक घेऊन आला. आईला काही ठाऊक नव्हतं. तिने त्याच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली होती, त्याला आवडायची म्हणून. तो उभ्या उभ्याच दोन घास खाऊन "पोट भरलंय" म्हणाला. आईने माझ्याकडे बघितलं. मी तळघराचं दार उघडलं.

आम्ही दोघांनी मिळून ड्रम वर आणले. मोठा ड्रम जिन्यातून आणताना दोघांना मध्येच थांबावं लागलं. वळणावर तो अडकायचा, नेहमीच. तो वरच्या पायरीवर, मी खालच्या, मध्ये ड्रम. चेहरे हातभर अंतरावर होते. सांगायचं तर तिथे सांगायला हवं होतं.

"उचल," मी म्हणालो.

बाहेर ट्रकपाशी बाबा येऊन उभे राहिले. स्वेटरवर, कोट न घालता. व्हर्नने शेवटची झांज गोधडीत गुंडाळून ठेवली आणि त्यांच्याशी हात मिळवायला पुढे झाला. बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"व्हर्न, मी तबला शिकलोय, तुला माहीत आहे. तू मागे पडत नाहीस. माझा शब्द आहे."

व्हर्न हसला. "तुम्ही माझ्यावर फार माया करता, मिस्टर दांडेकर."

"माया म्हणून सांगत नाही."

"मला माहीत आहे," व्हर्न म्हणाला. अशा आवाजात म्हणाला की त्याला पटलेलं नाही हे स्पष्ट कळावं.

मग बाबा माझ्याकडे वळले. नुसते बघत राहिले. व्हर्नही माझ्याकडे बघायला लागला. बाबांच्या बोलण्याला मी दुजोरा देतो का, हेच तो बघत असावा. ड्रमचं पेडल जमिनीवर राहिलं होतं. मी ते उचललं, त्याला लागलेला बर्फ झटकला आणि ट्रकमध्ये ठेवलं.

"हे राहिलं होतं," मी म्हणालो.

व्हर्न गाडीत बसला. ट्रक कोपऱ्यावर वळेपर्यंत बाबा तिथे उभे होते. मग आत गेले. या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधीही बोलले नाहीत.

सोमवारी आम्ही शिकागोला गेलो. रॉजर चांगला वाजवायचा, अगदी घड्याळासारखा, आणि कुणासाठी थांबायचा नाही. पहिल्याच गाण्यात मी दोनदा तालातून सुटलो. तिसऱ्या गाण्यापर्यंत काचेमागे बसलेल्या गिलरॉयने हेडफोन काढून ठेवला होता. त्याने आम्हाला थांबवलं आणि मला एकट्याला बाहेरच्या बोळात बोलावलं. जाड, थकल्या चेहऱ्याचा माणूस. सिगारेट पेटवून तो म्हणाला, "मी दोघांपैकी एकाला बदला म्हणालो होतो. तुम्ही चुकीच्याला काढलंत."

मी बोळाच्या टोकाच्या दाराकडे बघितलं.

"टेपवरचा पोरगा कुठे आहे?"

"गावी."

"त्याला बोलावता येईल?"

अजूनही वेळ होता. गावी एक फोन, आणि तीन-साडेतीन तासांत व्हर्न तिथे पोचला असता. गिलरॉय स्वतः विचारत होता.

"त्याला यायचं नाहीये," मी म्हणालो. "त्याने सोडलं."

गिलरॉयने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याला पटलं की नाही मला आजही माहीत नाही. "ठीक," तो म्हणाला. "रेकॉर्डवर बेस स्टुडिओचा माणूस वाजवेल. असं पुष्कळदा करतात. तू फोटोत उभा राहा आणि दौऱ्याच्या आत शिकून घे. कंपनीला चार पोरं दाखवली आहेत, चार लागतील."

आत जाऊन त्याने बाकीच्यांना बेसचं तेवढं सांगितलं; व्हर्नबद्दलचं सोडून. डेलने खांदे उडवले. लॉयड माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग गिटार लावायला लागला.

पुढचं पुष्कळांना ठाऊक आहे. ते पहिलं रेकॉर्ड कुणालाही वाटलं नव्हतं इतकं गेलं. तिसरं गाणं रेडिओवर वर्षभर वाजत होतं. कव्हरवर आम्ही चौघं गिरणीच्या फाटकासमोर उभे आहोत: डेल, लॉयड, रॉजर आणि मी. बेसवर नाव माझं आहे, हात दुसऱ्याचे. दौऱ्यावर निघण्याआधी मी चार महिने दिवसाचे आठ-नऊ तास वाजवलं, बोटांची सालं निघाली, आणि मला जमलं. मला वाटायचं की माझ्या हातून व्हायचंच नाही, पण तसं नव्हतं. चार महिने लागत होते, एवढंच. चार महिने मी व्हर्नकडे मागितले असते तर त्याने दिले असते.

पहिल्या ड्रमरबद्दल कुणी विचारलं तर डेल सांगायचा, 'त्याने स्वखुशीने सोडलं. घरी वडील आजारी होते.' बोळातलं माझं वाक्य गिलरॉयने कंपनीत सांगितलं होतं, हे त्यातूनच वाढलं होतं. पुढे ते सगळीकडे छापून आलं.

त्या वर्षीच्या गणपतीला आम्ही टेक्ससमध्ये होतो. आईने फोनवर सांगितलं की बाबा स्वतः जाऊन वरुणला घेऊन आले. आरतीच्या वेळी त्यांनी ढोलकी त्याच्यापुढे ठेवली. त्याने हात मागे घेतले. म्हणाला, 'माझ्या हातात ताल नाही, मिस्टर दांडेकर. तुमची आरती बिघडेल.' मग ती पंगतीला बसलेल्या पाहुण्यांबद्दल बोलायला लागली. बाबा फोनवर आले नाहीत. ते आमच्या एकाही कार्यक्रमाला आले नाहीत. १९९५ मध्ये ते गेले. त्यांना खांदा द्यायला व्हर्न होता. मी विमानतळावर अडकलो होतो.

त्यानंतर तीन वर्षांनी मी व्हर्नकडे गेलो. टायरचं दुकान आता त्याचंच होतं. लग्न झालं होतं, मुलगी लहान होती, केस पांढरे व्हायला लागले होते. जेवणाच्या सुटीत आम्ही मागच्या अंगणात जुन्या टायरांवर बसलो. मी त्याला सगळं सांगितलं. फोन, टेप, बाबा, शिकागोचा तो बोळ. कशासाठी सांगितलं म्हणाल तर मला झोप येत नव्हती म्हणून. त्याच्यासाठी नव्हे.

त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्याने सँडविच कागदात परत गुंडाळलं.

"मी थांबायचो," तो म्हणाला. "तुझ्यासाठी. मला वाटायचं मी ते मुद्दाम करतो. त्या दिवशी हेच सांगणार होतो, पण तू म्हणालास ना, 'तिसऱ्या गाण्यात पडतोस'. तू समोर बसून वाजवणारा. मग मला वाटलं, मी मुद्दाम करत नाही, माझा हातच तसा आहे, आणि मी आपला मनाची समजूत घालतोय. ज्याला स्वतःला कळत नाही त्याने वाजवू नये. पुढच्याच आठवड्यात ड्रम विकले."

"व्हर्न..."

"बारा वर्षं मी टेबलावर बोटसुद्धा वाजवलेलं नाही. मुलीला झोपवताना थोपटायचं असतं ना, ते बायको करते. मला भीती वाटते चुकेल म्हणून."

समोरच्या कुंपणावर एक फाटकी ताडपत्री हलत होती. तो तिच्याकडे बघत होता.

"त्या वेळी मला सांगितलं असतंस तर मी तुला शिकवलं असतं. गिलरॉयला महिनाभर थांबवलं असतं. मला नाही वाटत मी तुला काढू दिलं असतं."

"मला माहीत आहे."

"तुला तेव्हाही माहीत होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. तो उठला. "मी आहे तोवर हे कुणाला सांगू नकोस. डेलला नाही, माझ्या बायकोला तर नाहीच. मी बेताचा वाजवणारा होतो असं गावाला वाटतं, त्याची मला सवय झालीय. पण मित्राने गंडवलं आणि मला बारा वर्षं कळलं नाही, हे लोकांनी बोललेलं मला सोसायचं नाही. आणि आता इथे येऊ नकोस."

मी गेलो नाही. कुणाला बोललोही नाही.

गेल्या मार्चमध्ये व्हर्न गेला. छातीचंच दुखणं, वडिलांसारखं. पहिल्या रेकॉर्डला चाळीस वर्षं होणार म्हणून कंपनी एक मोठं पुस्तक काढत होती. त्यांनी त्याच्या मुलीकडे जुने फोटो मागितले. त्यावरून नोराने मला फोन केला. तिला मी कधी भेटलो नव्हतो.

"पुस्तकात म्हणे लिहिणार आहेत की बाबांनी स्वतःहून बँड सोडला," ती म्हणाली. "आई म्हणते, ते चांगलं वाजवत नव्हते म्हणून काढलं. बाबा स्वतः काहीच सांगायचे नाहीत. खरं काय आहे?"

मी सांगितलं. पाऊण तास लागला.

"तुमचे वडील आहेत?" तिने शेवटी विचारलं.

"नाही. ते जाऊन तीस वर्षं झाली."

"मला त्यांना भेटायला आवडलं असतं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच दिवशी मी लॉयडला फोन केला. सगळं सांगायला सुरुवात केली, तर त्याने मला दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच थांबवलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "शिकागोतच कळलं. रॉजर वाजवतोय आणि तरी ताल पडतोय, मग काय कळायचं राहतं?"

"तू बोलला का नाहीस?"

आता तोही साठीचा, ऐकू कमी येतं, श्वास मोठ्याने घेतो. "बोललो असतो तर सगळे घरी परतलो असतो," तो म्हणाला. "मला परतायचं नव्हतं."

पुस्तक गेल्या महिन्यात निघालं. चौदाव्या पानावर आमच्या तळघरातला एक फोटो आहे, नोराने दिलेला: व्हर्न ड्रममागे, मान एका बाजूला कललेली, नजर माझ्या हातांवर. त्याच्याखाली मी सांगितलेला मजकूर आहे. व्हर्न हॅनिगन, मिल व्हिसलचा संस्थापक आणि पहिला ड्रमर. त्याचा ताल कधीही मागे पडला नाही. पराग दांडेकरने सहकाऱ्यांना खोटं सांगून त्याला काढायला लावलं. हे छापलं जाऊ नये म्हणून डेलने वकील लावला होता. लॉयडने माझ्या बाजूने सही केली म्हणून छापलं गेलं. डेल आता आमच्याशी बोलत नाही, ठरलेला दौराही रद्द झालाय.

एक प्रत मी नोराला पाठवली. तिची पोच आली, टपालखात्याची. तिने काही लिहिलेलं नाही.